ट्रॅक्टर आणि गाडीच्या चाकांची निगा : धुलाई, गंज व रंगाची डागडुजी

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



चाके कशी धुवावीत हे सांगायला कृषिविद्या शिकवणारा माणूस कशाला हवा, असे आपणांपैकी काहींच्या मनात आले असेल. गॅरेजवाला हे अधिक चांगले सांगेल, हेही खरे. परंतु शेतातले चाक गॅरेजवाल्याकडे जाते तेव्हा त्याचे काम बहुधा संपलेले असते. ते चाक खराब होते आपल्या खताच्या गोदामात, द्राक्षबागेच्या ओळीत, शेणखताच्या ढिगाजवळ आणि ठिबकच्या खोलीत ठेवलेल्या ॲसिडच्या कॅनमुळे. ही सारी ठिकाणे माझ्या विषयातली आहेत. म्हणून आज पिकाऐवजी चाकाविषयी बोलणार आहे.

आपण माती परीक्षणाचा अहवाल वाचता तेव्हा पहिली नजर सामूवर जाते. सामू ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. हाच सामू चाकालाही लागू पडतो. ॲलॉय व्हील म्हणजे मुख्यतः ॲल्युमिनियम. या धातूवर हवेतल्या प्राणवायूमुळे आपोआप एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. सामू साधारण ४ ते ८.५ या दरम्यान असेपर्यंत हा पापुद्रा टिकतो. त्याखाली गेलात तरी विरघळतो, त्यावर गेलात तरी विरघळतो. म्हणजे ॲसिडही वाईट आणि धुण्याचा सोडाही वाईट. लोखंडाचे गणित थोडे वेगळे आहे. त्याला विम्ल द्रावण फारसे बाधत नाही, पण ॲसिड, ओल आणि क्षार हे तिघे एकत्र आले की गंज झपाट्याने धरतो. नुसत्या पाण्याने लोखंड गंजते खरे, परंतु त्या पाण्यात मीठ किंवा खत विरघळले असेल तर गंजण्याची क्रिया कितीतरी पटीने वाढते. कोकणातल्या बंधूंना हे सांगायला नको. खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीची दशा ते रोज पाहतात.

चाक खाणारे घटक

प्रथम खतांकडे पाहू. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. त्यात वजनाने जवळजवळ निम्मा भाग क्लोराईडचा असतो आणि क्लोराईड हा लोखंड व ॲल्युमिनियम या दोघांचाही वैरी आहे. अमोनियम सल्फेट पाण्यात विरघळले की आम्लधर्मी द्रावण होते. सुपर फॉस्फेटमध्ये थोडे मोकळे आम्ल असतेच. युरिया त्या मानाने सौम्य. यातली बरीच खते हवेतली ओल शोषून घेतात. पावसाळ्यात पोते फुटून ट्रॉलीच्या रिमवर सांडलेले खत कोरडे दिसले तरी तिथे ओलसर, खारट थर धरून बसते. रिमच्या कडेच्या खोबणीत हा थर आठवडाभर राहिला तर रंगाखाली शिरतो आणि बाहेरून फक्त एक फुगा दिसतो. तो फुगा नखाने फोडून पाहा. आत तांबडी भुकटी सापडेल.

शेणखत व कोंबडीखत वाहणाऱ्या ट्रॉलीचा आणखी एक प्रश्न असतो. त्यातून अमोनिया निघतो. ट्यूबचा व्हॉल्व्ह पितळेचा असतो आणि ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियामुळे बारीक चिरा पडतात. हवा वारंवार कमी होते, पंक्चर मात्र सापडत नाही, अशा वेळी व्हॉल्व्हच्या बुंध्याशी साबणाचा फेस लावून पाहावे. व्हॉल्व्हला टोपी असावी, एवढी साधी गोष्टही अर्ध्या ट्रॉल्यांवर दिसत नाही.

द्राक्ष बागायतदारांनी पुढचे जरा लक्ष देऊन ऐकावे. बोर्डो मिश्रण तयार झाले की त्यात लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते बुडवून पाहण्याची चाचणी आपण सारे करता. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, चुना कमी पडला, असे आपण समजतो. हा तांबूस थर कशाचा? लोखंड विरघळून त्याच्या जागी तांबे बसते. म्हणूनच मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये असे आम्ही सांगत असतो. आता हेच मिश्रण फवारणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या रिमवर, जिथे रंग उडालेला आहे तिथे, ठिबकत असते. तिथे तेच घडते. ॲल्युमिनियमलाही मोरचूद बाधते. उलट चुना जास्त झाला असेल तर लोखंड वाचते, पण ॲल्युमिनियमला तोही चालत नाही. म्हणून बागेजवळ उभ्या केलेल्या मोटारीच्या ॲलॉय चाकांवर बोर्डोचे निळे शिंतोडे उडाले असतील तर ते ‘पुसू नंतर’ म्हणून ठेवू नयेत. त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावेत.

राहता राहिला चिखल. काळ्या जमिनीच्या चिखलाचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. तो स्वतः फार दुष्ट नाही. त्याचा दोष असा की तो ओल सोडत नाही. रिमच्या आतल्या बाजूला बसलेला गाळाचा थर वरून वाळतो, आतून ओला राहतो. सांगली, कोल्हापूरकडे अति पाण्याने खारवट झालेल्या जमिनींत तर या ओलीबरोबर क्षारही येतात. चिखलणीचे काम करणाऱ्या ट्रॅक्टरची चाके रोज संध्याकाळी नुसत्या पाण्याने झोडपून काढली तरी पुढचे अर्धे काम वाचते.

धुण्याची रीत

चाक थंड झाल्यावरच धुवावे. मोटार चालवून आणली की ब्रेकमुळे पुढची चाके विशेष तापलेली असतात. अशा चाकावर गार पाणी मारले तर ब्रेकची तबकडी वाकडी होण्याची भीती असते, आणि साबणाचे पाणी लागलीच वाळून डाग धरतात. हाताचा पंजा चाकाजवळ नेऊन ऊब लागते का पाहावे.

आधी भरपूर साधे पाणी. गाडीच्या चाकावरची काळी पूड ही ब्रेकच्या पॅडची आणि तबकडीच्या झिजलेल्या लोखंडाची असते. ती कोरड्या फडक्याने पुसली तर पॉलिश पेपरसारखी घासते आणि लॅकरवर बारीक चरे पडतात. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवण्याची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. तीही टाळावी. जुन्या गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, त्याची धूळ फुप्फुसात जाऊन कायमची इजा करते. ओली करूनच काढावी.

मग बादलीभर पाण्यात गाडी धुण्याचा शाम्पू किंवा भांडी घासण्याचे सौम्य द्रावण घालावे आणि मऊ केसांच्या ब्रशने घासावे. कपड्याची पावडर ट्रॅक्टरच्या रंगवलेल्या लोखंडी रिमला एखादे वेळी चालेल, ॲलॉयला नको, कारण तिचा सामू १० च्या आसपास असतो. धुण्याचा सोडा तर त्याहूनही वर. शंका असेल तर सामू दाखवणारी कागदाची पट्टी वापरा. ठिबकचे पाणी तपासायला ती अनेकांकडे असतेच. चाकाचे फडके आणि ब्रश वेगळे ठेवावेत. तेच फडके दरवाजावर फिरवले की चाकातली खडी दरवाजावर चरे पाडते.

विहिरीचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. ते घालवण्यासाठी काही लावत बसण्यापेक्षा धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसणे सोपे. मोटार धुऊन झाल्यावर थोडी चालवावी, दोनचार वेळा हलके ब्रेक लावावेत म्हणजे ते कोरडे होतात. ओल्या गाडीला हँडब्रेक लावून रात्रभर उभी केली तर सकाळी ड्रम चिकटलेला सापडतो.

प्रेशर वॉशर वापरणाऱ्यांनी नळीचे तोंड टायरच्या बाजूपासून निदान फूटभर लांब ठेवावे. जवळून मारलेल्या धारेने रबर आतून फाटते आणि ते बाहेरून लवकर कळत नाही. हबच्या सीलवर सरळ धार मारू नये. पाणी बेअरिंगमध्ये गेले की ग्रीस निघते. ट्रॅक्टरची पुढची चाके धुतल्यावर ग्रीस गनचे चार हिसके देण्याची सवय ठेवावी. जागा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर असावी, विशेषतः फवारणीचा ट्रॅक्टर धुताना.

रिमला चकाकी यावी म्हणून इंजिनचे काळे तेल फासणारेही पुष्कळ आहेत. गंज त्याने थोडा थांबतो, नाही असे नाही. परंतु तेलाने टायर व ट्यूबचे रबर फुगते, मऊ पडते, धूळ चिकटते, आणि थेंब ब्रेकवर गेला तर गाडी थांबायची नाही.

ॲसिडचा मोह

आता मुख्य मुद्दा. ठिबक संच साफ करण्यासाठी आपल्याकडे हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. लॅटरलमधला क्षार ते विरघळवते, मग रिमवरचा गंज का नाही, असा साधा हिशेब करून उरलेले ॲसिड चाकावर ओतले जाते. गंज खरोखर निघतो. रिम पाच मिनिटांत पांढरी होते. पण ॲसिड गंज काढून थांबत नाही, खालचे चांगले लोखंडही खाते, नटांवरचा जस्ताचा मुलामा घालवते आणि रिमच्या सांध्यांत शिरून बसते. तिथून ते धुऊन निघत नाही. वर रंग दिला तरी दोन महिन्यांत पोपडे येतात. ॲसिडचा कॅन नुसता सैल बंद करून अवजारांच्या खोलीत ठेवला तरी त्याच्या वाफेने पाने, कुळवाच्या फासा, सारे गंजते.

याहून गंभीर म्हणजे, ठिबकसाठीच आपण क्लोरीनही वापरता. ब्लीचिंगचे पाणी आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. एकाच बादलीत आधी एक आणि मग दुसरे, असे कधीही होऊ देऊ नका.

काही ठिकाणी ‘ॲलॉय क्लीनर’ म्हणून बिनलेबलचे कॅन सुटे विकले जातात. अशा द्रावणांत कधी कधी हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. हे ॲसिड सौम्य असेल तर अंगावर पडल्यावर लागलीच चटका बसत नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात, तोवर ते आत गेलेले असते आणि शरीरातले कॅल्शियम बांधून हाडापर्यंत इजा करते. ज्यावर घटक लिहिलेले नाहीत ते चाकाला लावूच नये. चुकून अंगावर पडलेच तर दुखत नसले तरी कपडे काढून भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच दवाखान्यात जावे. कॅन सोबत न्यावा. डॉक्टर त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार करतात, पण त्यांना कशाने भाजले हे कळले पाहिजे.

लोखंडी रिमचा रंग

आपल्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. त्याआधी ट्रॅक्टर धुतला जातो आणि हौसेने रिमवर रंगाचा हात मारला जातो. पूजा अवश्य करावी, ट्रॅक्टर स्वच्छ धुवावा, झेंडूच्या माळा घालाव्यात. रंग मात्र त्या दिवशी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, रिमच्या सांध्यांत ओल असते, हवेत दमटपणा असतो. ओलीवर दिलेला रंग म्हणजे ओलीला घातलेले झाकण. गंज आत सुखाने वाढतो. हे काम रब्बीची धांदल संपल्यावर, फाल्गुन-चैत्रात काढावे. हवा कोरडी असते आणि ट्रॅक्टरलाही थोडी उसंत असते.

रंगापूर्वी रिम तपासावी. हलक्या हातोडीने ठोकत जावे. खणखणीत आवाज येतो तिथे लोखंड शाबूत आहे, बद्द आवाज येतो तिथे शंका घ्यावी. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ आणि टायरची कड बसते त्या खोबणीत खास पाहावे. चाकात वजनासाठी पाणी भरले असेल आणि ट्यूबमधून ते झिरपत असेल तर रिम आतून गंजते, बाहेरचा रंग छान दिसत राहतो. नटांच्या भोकाभोवती चीर दिसली, किंवा खोबणीचे लोखंड पत्र्यासारखे पातळ झाले असेल, तर ती रिम बदलावी. लांबी भरून चीर झाकणे म्हणजे स्वतःलाच फसवणे.

रिम चांगली असेल तर धुऊन एक दिवस उन्हात पूर्ण वाळवावी. सुटलेला रंग आणि गंजाचे खवले तारेच्या ब्रशने काढावेत, नंतर ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे. चांगल्या रंगाची कड हाताला लागणार नाही इतकी उतरती करावी, नाहीतर तिथूनच पुन्हा पोपडा सुटतो. जुन्या पिवळ्या, नारिंगी रंगांत व प्रायमरमध्ये शिसे किंवा क्रोमेट असू शकते. असा रंग कोरडा घासू नये, पाणी लावून वॉटर पेपरने घासावा, नाकातोंडावर मास्क असावा आणि लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नये. खड्ड्यांत अडकलेला गंज निघत नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडवर आधारित तयार गंजनिवारक मिळते. ते डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावे.

घासून उघडे पडलेले लोखंड रात्रभर तसेच ठेवू नये. दवाने सकाळी पुन्हा तांबूस होते. त्याच दिवशी थिनरच्या फडक्याने तेलकटपणा पुसून रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्यावा. दुसऱ्या दिवशी वॉटर पेपरने हलके घासून एनॅमल रंगाचे दोन पातळ हात द्यावेत, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. एकच जाड हात देण्याची घाई केली की वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. दुपारच्या कडक उन्हात तापलेल्या रिमवरही रंग देऊ नये. टायर न काढता रंगवायचे असेल तर जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पट्ट्या रिम आणि टायर यांच्या फटीत खोचत जाव्यात.

मोटारीचे ॲलॉय व्हील

रेड ऑक्साइड हे लोखंडाचे औषध, ॲल्युमिनियमचे नव्हे. ॲलॉयवर लॅकरखाली पांढऱ्या अळीसारख्या रेघा दिसू लागल्या तर समजावे की खरचटलेल्या जागेतून ओल आत शिरली आहे. तेवढा भाग ३२० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून साफ करावा, ॲल्युमिनियमसाठीचा एच प्रायमर, त्यावर चंदेरी रंग आणि शेवटी पारदर्शक लॅकर, असे पातळ पातळ थर द्यावेत. कडेला दगड घासून पडलेले वरवरचे ओरखडेही असेच दुरुस्त होतात. लेथवर चकाकी आणलेली चाके मात्र घरी घासू नयेत. ती पुन्हा लेथवरच फिरवावी लागतात, आणि दर वेळी धातूचा थर कमी होत असल्याने हे फार वेळा करता येत नाही. आतल्या बाजूला चिकटवलेले शिशाचे छोटे तुकडे घाण समजून उचकटू नका. ते चाकाच्या तोलासाठी असतात.

वाकलेले ॲलॉय गॅसने तापवून हातोडीने सरळ करून देणारे कारागीर भेटतात. या मिश्रधातूची ताकद ठरावीक उष्णता देऊनच आणलेली असते. अंदाजाने तापवली की ती जाते. चीर गेलेले चाक भंगारातच द्यावे.

वेल्डिंग आणि जॅक

लोखंडी रिमला चीर गेली की टायर न काढताच तिला वेल्डिंग मारण्याचा प्रकार गावोगाव चालतो. यात माणसे मरतात, म्हणून स्पष्ट सांगतो. रिम तापली की आतले रबर तापून त्यातून पेट घेणारा वायू निघतो, दाब वाढतो आणि टायर बाँबसारखा फुटतो. हवा काढली म्हणजे झाले, असे नाही. हवा नसलेल्या टायरमध्येही असे होते आणि काम संपून काही मिनिटे झाल्यावरही होते. टायर आणि ट्यूब रिमवरून पूर्ण उतरवल्याशिवाय ठिणगी जवळ आणायची नाही. गंजून अडकलेला नट गॅसच्या ज्योतीने तापवतानाही हाच नियम. वेल्डिंगवाला ‘रोजचंच काम आहे’ म्हणाला तरी आपण ट्रॅक्टर आपल्या घरी परत न्यावा.

चाक काढताना जमीन सपाट आणि कठीण हवी. ट्रॅक्टर गिअरमध्ये, ब्रेक लावलेला, उरलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ओंडके. नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, मग जॅक लावावा. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. उचलल्यावर खाली भक्कम स्टँड किंवा लाकडाचे आडवे ठोकळे रचावेत. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक नकोत, ते अचानक फुटतात. मागच्या चाकात पाणी भरले असेल तर दीडशे लिटरहून अधिक पाणी त्यात असू शकते. ते आधी काढावे आणि असे चाक एकट्याने हलवू नये.

चाक परत बसवताना रंगाची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रिम हबला जिथे टेकते तो भाग आणि नट बसण्याच्या जागा रंगवू नयेत. तिथला रंग दाबाखाली चिरडतो, तेवढी जागा मोकळी होते आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. रंगरंगोटी केलेली ट्रॉली भर रस्त्यात चाक सोडते, त्याचे एक कारण हे असते. नट एकाच्या शेजारचा दुसरा असे न आवळता समोरासमोरचे आवळत जावे, चाक जमिनीवर टेकल्यावर पुस्तिकेत दिलेल्या ताकदीने पुन्हा आवळावे, आणि दोनचार तास काम झाल्यावर ट्रॅक्टर थांबवून सगळ्या नटांवरून पाना एकदा फिरवावा.